तिसरा चिंचोका

पिंगळीच्या स्टेशनवर सिमेंटचा एक लांब बाक आहे. त्यावर सहा-सात माणसं बसतात. कोण कुठं बसेल हे आमच्या सरांना माणूस टेकायच्या आधीच सांगता यायचं. ते खरं निघालं की त्यांना इतका आनंद व्हायचा की पॅसेंजर येऊन उभी राहिली तरी ते हलत नसत. पहिला माणूस बाकाच्या कडेला बसतो. दुसरा दुसऱ्या कडेला. तिसरा मधोमध. चौथा आधी उभाच राहतो, इकडंतिकडं बघतो, पिशवी खाली ठेवतो आणि मग ज्याचा चेहरा जरा बरा दिसेल त्याच्या शेजारी टेकतो. पाचव्यापासून सरकासरकी सुरू होते. सर हे सगळं उभ्यानं बघायचे. स्वतः कधी बसायचे नाहीत. आपण बसलो की मोजमाप बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. या नादात आठवड्यातून एकदा तरी त्यांची गाडी डोळ्यांदेखत निघून जायची आणि प्राचार्य त्यांच्या नावानं खडे फोडत बसायचे.

सर पिंगळीचे. रोज पॅसेंजरनं येऊन परभणीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी चारठाण्याजवळच्या खेड्यातली. आधी त्यांची विद्यार्थिनी झाले, मग त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी.ला नाव घातलं. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं हा माणूस रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. माझा स्वभाव चिडका आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी बाजू काही फार चांगली दिसणार नाही.

सरांच्या संशोधनाचा विषय होता कमी मितींच्या जाळ्यांमधल्या, एकमेकांवर परिणाम करणाऱ्या कणांच्या क्वांटम अवस्था. हे वाक्य ते कुणालाच ऐकवत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "एका ओळीत घरं हायेत. घरात बिऱ्हाडं हायेत. कोण हलायलंय आन कोण न्हाई, एवढंच बघतो." आणि विचारणाऱ्याला वाटायचं की सर नगरपालिकेचं काहीतरी काम करतात.

पण त्यांनी सांगितलेलं खरंच तेवढंच होतं. ती घरं म्हणजे प्रकाशाच्या किरणांनी केलेले खळगे, आणि बिऱ्हाडं म्हणजे गारठवून गारठवून जवळजवळ निपचित केलेले अणू. परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळांत अशा ओळी खरोखर तयार करतात. सर कॉलेजातल्या पत्र्याच्या छताखालच्या लॅबमध्ये बसून गणितानं तयार करायचे. प्रत्येक कणाला शेजारच्या घरात उडी मारायची हौस असते. पण एकाच घरात दोघं आले की भांडण होतं, आणि शेजारच्या घरातल्याशीही थोडं भांडण असतंच. हौस जास्त असेल तर सगळे कण मिळून ओळभर वाहत राहतात. भांडण जास्त असेल तर जो तो आपापल्या घरात घट्ट बसतो आणि सगळं ठप्प होतं. सरांचं सगळं आयुष्य या दोन टोकांच्या मधे काय काय होतं ते शोधण्यात गेलं. मे महिन्यात त्या लॅबमधल्या टेबलाला हात लावला तर चटका बसायचा आणि सर फळ्यावर लिहायचे, तापमान शून्य समजू. वर्ग हसायचा. आम्ही का हसतो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात आमचा पहिला तास त्यांनी वर्गात घेतलाच नाही. आम्हा तेरा जणांना पॅसेंजरनं पिंगळीला नेलं आणि स्वतःच्या शेतातल्या धुऱ्यावर उभं केलं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, जेमतेम एक माणूस चालेल एवढा. दोन्ही बाजूंच्या गव्हाला नुकतंच पाणी दिलेलं होतं. सहा जणांना एका टोकाला उभं केलं, सात जणांना दुसऱ्या, आणि हुकूम एकच की पलीकडं जा. मधोमध आम्ही समोरासमोर आलो आणि अडकलो. मागचे म्हणत होते पुढं व्हा, पुढचे म्हणत होते कुठं होऊ. दहा मिनिटं हा गोंधळ चालला. शेवटी माझा पारा चढला आणि मी सरळ गव्हात पाय टाकला. पाय बाहेर आला, चप्पल काळ्या चिखलात राहिली.

सर टोकाला उभे राहून म्हणाले, "मोकळ्या रानात माणूस माणसाला वळसा घालून जातंय. धुऱ्यावर ते जमत न्हाई. हितं शेजारी जे करंल तेच तुमचं नशीब. एका मितीत असंच असतंय." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले की हिनं दुसरी मिती वापरली, ते नियमात बसत नाही. चप्पल शोधायला मात्र ते स्वतः पँट दुमडून चिखलात उतरले आणि सगळ्यांच्या देखत बराच वेळ हातानं चाचपत राहिले. ती काही सापडली नाही. परतीच्या गाडीत मी त्यांच्या बायकोची चप्पल घालून बसले होते. ती मला चांगली दोन बोटं मोठी होती. पण एक मिती म्हणजे काय, हे मला पुन्हा कुणाला विचारावं लागलं नाही.

तेव्हापासून एक गोष्ट लक्षात आली. सरांकडं कुठलीही अडचण घेऊन जा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. शेजारी कोण हाय? वसतिगृहात अभ्यास होत नाही म्हटलं, तरी शेजारी कोण. ऑफिसात फाइल अडकली, तरी त्या टेबलाशेजारी कोण बसतं ते विचारायचे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं, आणि गंमत म्हणजे मोडणारा शेजारीच निघाला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा पाट. गावातल्या सुताराकडून त्यांनी सागाची एक लांब फळी करून घेतली होती आणि तिच्यात एका ओळीत बारा खळगे कोरून घेतले होते. कण म्हणून चिंचोके. ही फळी आणि चिंचोक्यांची पुरचुंडी कायम त्यांच्या पिशवीत असायची. गाडीत, स्टाफरूममध्ये, एकदा तर विद्यापीठाच्या बैठकीत, फळी मांडीवर घेऊन ते चिंचोके इकडचे तिकडं करत बसायचे. बारा घरं बघून लोकांचा जो व्हायचा तो समज झाला. आमच्याच कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी एकदा त्यांना हळूच विचारलं की माझ्या बदलीचं काय दिसतंय. सरांनी गंभीरपणे फळीकडं बघितलं आणि म्हणाले, "घरं बाराच हायेत, पण ह्यातला मंगळ कोणता आन शनी कोणता ते निसर्गाला बी सांगता येत न्हाई. सगळे सारखेच हायेत." कण एकसारखे असतात, त्यांना वेगवेगळं ओळखता येत नाही, हे क्वांटम भौतिकीतलं खरं तत्त्व आहे. सरांनी प्रामाणिक उत्तर दिलं होतं. वनस्पतिशास्त्राचे सर मात्र महिनाभर काळजीत होते.

आणि त्यांचं ते 'मला ठाव न्हाई'. वर्गात कुणी अवघड प्रश्न विचारला की ते इतक्या खुशीत हे म्हणायचे की विचारणाऱ्यालाच आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटायचं. मी इतर मास्तरांना प्रश्न टाळताना बघितलं आहे, विचारणाऱ्यावर डाफरताना बघितलं आहे. मी स्वतः शिकवायला लागल्यावर दोन्ही केलं आहे. सर तसे नव्हते. ठाव नसेल तर तसं सांगायचे, प्रश्न खिशातल्या डायरीत लिहून घ्यायचे आणि चार दिवसांनी पॅसेंजरमधून उतरल्या उतरल्या त्याचं उत्तर द्यायला लागायचे, तोवर विचारणारा प्रश्न विसरूनही गेलेला असायचा. मला या माणसाचा फार आदर वाटत असे. कधी कधी त्याच आदरापोटी चीडही यायची, कारण त्यांच्याशेजारी उभं राहिलं की आपला खोटेपणा आपल्यालाच दिसायचा.

त्यांचं नाव परभणीबाहेर जे काही झालं ते एका शोधनिबंधामुळं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी एका परदेशी नियतकालिकात दाखवून दिलं होतं की वाहणं आणि ठप्प होणं या दोन अवस्थांच्या मधे, काही खास परिस्थितीत, एक तिसरीच अवस्था असते. तिच्यात कण एक आड एक घरात दोन-दोन असे शिस्तीत बसतात आणि तरीही ओळभर वाहत राहतात. शिस्त आणि वाहणं एकाच वेळी. लांबलांबच्या लोकांनी त्या निबंधाचा हवाला दिला. कॉलेजनं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि भाषण करणाऱ्यानं सरांनी नवा कण शोधला असं ठोकून दिलं. सर तिथंच उठून म्हणाले की म्या काय शोधलं न्हाई, कणच तसे बसत व्हते. माझा प्रबंध या तिसऱ्या अवस्थेवरच होता. ती कुठं सुरू होते, कुठं संपते, तिच्यातून दुसऱ्या अवस्थेत जाताना काय होतं, असे पाच प्रकरणांत पाच वर्षं घातली होती.

आता माझं काय अडलं होतं ते सांगते. आमच्या विभागात एक कायमची जागा निघणार होती. मुलाखती जूनमध्ये होणार होत्या. तोवर नावामागं डॉक्टर लागलं तर जागा माझी, असं सगळेच धरून चालले होते. आठ वर्षं मी तासिकेवर काढली होती. दर वर्षी जूनमध्ये आपल्याला पुन्हा बोलावतील की नाही याची वाट बघत बसायचं, हे ज्यानं केलं आहे त्यालाच कळेल. फेब्रुवारीच्या शेवटी प्रबंध सादर करायचा होता. फक्त सरांची सही राहिली होती.

एका रविवारी मी ती घ्यायला पिंगळीला गेले. घरी तुरीची मळणी चालली होती, भुसा उडत होता, म्हणून सरांनी स्टेशनवरच बोलावलं. बाक रिकामा होता. मी बसले, सर माझ्या आग्रहाखातर टेकले, मधे त्यांची फळी ठेवली आणि ते माझं शेवटचं प्रकरण वाचायला लागले. वाचता वाचता तिसऱ्या अवस्थेतले चिंचोके मांडत होते. दोन, रिकामं, दोन, रिकामं.

तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावरचं गाठोडं उतरवून आमच्या शेजारी बसली. सुनेच्या बाळंतपणासाठी गावाकडं आली होती आणि आता परत ऊसतोडीवर निघाली होती. कुठला कारखाना, किती दिवस झाले, बाळ कसं आहे, एवढं सगळं तिनं न विचारता सांगितलं. मग फळीकडं बघत बसली. तिला तो खेळ वाटला असावा. थोड्या वेळानं तिनं पुरचुंडीतून एक चिंचोका उचलला आणि जिथं दोन होते तिथं तिसरा टाकला.

मी हसले. सरांनी तो तिसरा चिंचोका उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "न्हाई माय, एका घरात दोनच."

"कामून दोनच? जागा हाय की."

"तसा नियम हाय."

"कुणाचा?" म्हातारी म्हणाली. "आमी कारखान्यावर पाल्याच्या एका कोपीत सात जण ऱ्हातो. शेजारच्या कोपीतल्याशी आमचं लय वाकडं हाय, म्हून तिकडं कुणी जात न्हाई. सातच्या सात हिकडंच. बसवलं की बसतंय, बाबा."

 सरांनी बाजूला ठेवलेला चिंचोका उचलून परत त्या घरात टाकला. मग त्यांनी माझ्याकडं लॅपटॉप मागितला.

एका घरात जास्तीत जास्त दोनच कण. ही ओळ आमच्या प्रोग्रॅममध्ये अगदी सुरुवातीला होती. मी ती सरांच्या जुन्या प्रोग्रॅममधून जशीच्या तशी उचलली होती. वीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरला तीन कणांचा हिशेब झेपत नसे, म्हणून सरांनी ती घातली होती. घरातलं भांडण फार मोठं असेल तर त्यात चूकही नव्हती, कारण तिसरा मुळात येणारच नाही. पण त्यांची तिसरी अवस्था होती ती घरातलं भांडण कमी आणि शेजाऱ्याशी जास्त, अशा ठिकाणी. तिथं माणसं काय करतात? शेजारचं घर रिकामं सोडतात आणि एकाच घरात दाटीनं राहतात. हे म्हातारीला माहीत होतं. आम्हाला दोघांना नव्हतं.

सरांनी दोनाचे चार केले आणि आठ घरांची छोटी ओळ चालवली. दोन मिनिटांत उत्तर आलं. मग बारा घरांची. तिचं उत्तर येईपर्यंत पॅसेंजर आली, म्हातारी गाठोडं घेऊन चढली आणि गाडी गेलीसुद्धा. सरांनी पडदा माझ्याकडं वळवला. कण तीन-तीन, चार-चार असे एकेका घरात कोंबून बसले होते आणि वाहणं पार थांबलं होतं. तिसरी अवस्था कुठंच नव्हती.

"आपण तिसऱ्याला दार लावलं व्हतं," सर म्हणाले. "म्हून ती दिसायली व्हती." मग म्हणाले, "मला तर कळायला पायजे व्हतं. आमी अकरा जण दोन खोल्यात वाढलो."

मी लॅपटॉप मिटला. आणि मग, नेहमीप्रमाणं, राग आला. मी काय काय बोलले ते सगळं सांगवत नाही. वीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, अजून चार महिने नाही आलं तर काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणाले. तुम्ही दोन वर्षांनी निवृत्त होऊन शेतावर जाल, तुमचं काय जातंय, असंही म्हणाले. हे बोलायला नको होतं. ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"कुणी बघितलं न्हाई म्हून तिसरा कण बाहेर थांबत नसतो, माय," एवढंच ते आधी म्हणाले. मग फळीवरचे चिंचोके गोळा करून पुरचुंडीत भरले. शेवटी म्हणाले, "पण तुजं बी बराबर हाय. ओळ माझी, चूक माझी. शिक्षा तुला कामून? मी सही करतो. तुजी पदवी होऊ दे, जागा मिळू दे. तवर मी गप्प बसतो. मग त्या लोकायला पत्र लिहितो, की माझा निबंध मागं घ्या."

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, विचार न करता. त्यांनी सही केली. नेहमी झरझर सही करणारा माणूस त्या दिवशी अक्षर न् अक्षर लिहीत होता, आणि मला परतीच्या गाडीची घाई होती.

पुढचं सांगायच्या आधी एक सांगून टाकते, म्हणजे कुणाला हुरहूर नको. ती जागा मला मिळाली नाही. पदवी मिळाली, पण अडीच वर्षांनी, वेगळ्याच विषयावर. आज मी शिकवते ते सेलूतल्या दुसऱ्या कॉलेजात. जागा गेल्याचं वाईट वाटतं का, तर वाटतं. मी काही संत नाही. आजही त्या विभागावरून रिक्षा गेली की मी दुसरीकडं बघते.

पिंगळीच्या त्या रविवारनंतर तीन आठवडे गेले. प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती माझ्या कपाटात होत्या, सादर करायचा दिवस शुक्रवार ठरला होता. सर कॉलेजात यायचे ते वेळेवर यायला लागले. पहिल्या तासाला हजर. प्राचार्य खूश झाले. मला मात्र ते बघवेना. वेळेवर येतात याचा अर्थ ते स्टेशनवर उभे राहून काही बघत नाहीत. पिशवीत फळी नसायची. डबा उघडून समोर ठेवायचे आणि तसाच बंद करायचे. मला भेटले की तब्येत, आई, सादर करायची तयारी, सगळं नीट विचारायचे. विषयाबद्दल एक शब्द नाही. माझ्यासाठी हा माणूस खोटं बोलत होता, आणि ते त्याला जमत नव्हतं. मी स्वतःला समजावत होते की चारच महिन्यांचा प्रश्न आहे.

बुधवारी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला त्यांचा तास होता. मागच्या बाकावर मी प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासत बसले होते, कारण स्टाफरूममधला पंखा बंद होता. सरांनी फळ्यावर आकृती काढली. आडव्या रेघेवर घरातलं भांडण, उभ्या रेघेवर शेजाऱ्याशी भांडण, आणि मधे तीन भाग. एका भागात लिहिलं, वाहती अवस्था. दुसऱ्यात, ठप्प अवस्था. तिसऱ्याकडं गेले आणि त्यांचा खडू थांबला.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं की तिसऱ्या भागात काय असतं.

सर तिच्याकडं वळले. "त्याच्याबद्दल मला सध्या बोलता येत न्हाई," ते म्हणाले.

वर्गातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसेल. मी दहा वर्षं हा माणूस ऐकला होता. ठाव न्हाई असं त्यांनी शेकडो वेळा म्हटलं होतं. ठाव असून बोलता येत नाही असं ते पहिल्यांदा म्हणत होते, आणि ते माझ्यामुळं. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की वहीवरचं अक्षर दिसेना.

मी काही ठरवून उठले नाही. फळ्यापाशी गेले, डस्टर घेतलं आणि तिसऱ्या भागाच्या रेघा पुसून टाकल्या.

"शुक्रवारी सादर करायचंय तुला," सर हळू आवाजात म्हणाले.

"नाही करत," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. समजावलं नाही, परत विचार कर असं म्हटलं नाही. हातातला खडू माझ्या हातात दिला आणि वर्गाला सांगितलं की हिनं जे पुसलं त्याचं कारण हीच सांगंल. मग मधल्या वाटेनं मागं गेले, माझ्या बाकावरच्या वह्या बाजूला सरकवल्या आणि तिथं बसले. खिशातून डायरी काढली, चष्मा लावला.

मी सांगायला सुरुवात केली. इथं एक तिसरी अवस्था असते असं मानलं जात होतं, पण गणनेत कणांच्या संख्येवर एक मर्यादा घातली गेली होती, त्यामुळं हा निष्कर्ष काढण्यात चूक झाली. वाक्यं नीट येत होती. मुलं लिहून घेत होती.

मागून सरांचा आवाज आला. "चूक झाली म्हंजे? कुणाची, ते सांग. नाव घेऊन सांग."

वर्ग वळून त्यांच्याकडं बघायला लागला. ते डायरीवर पेन टेकवून माझ्याकडंच बघत होते. आमच्याकडं गुरुजींचं नाव कुणी तोंडावर घेत नाही. मी घेतलं. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं नीट उच्चारलं. आणि त्यानंतर माझं घेतलं.

सरांनी मान खाली घातली आणि दोन्ही नावं लिहून घेतली.